सात इंच सरकलेला फ्रायर

फायर इन्स्पेक्टरने खिशातून टेप काढली, फ्रायरच्या कडेपासून शेजारच्या बर्नरपर्यंत धरली आणि म्हणाला, "११." मला वाटलं, ११ म्हणजे बरंच असेल. लागतात १६ इंच.

आमचं दुकान मध्य न्यू जर्सीत आहे. वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा, शनिवार-रविवार थालीपीठ. बसायला चौदा खुर्च्या, बाकी सगळं पार्सल. जागा आधी एका पिझ्झावाल्याची होती. धूर ओढणारं हूड, त्याखालची फायर सप्रेशन सिस्टिम (आग लागली की वरून औषध फवारणारी), फ्रायर, सहा बर्नरची शेगडी, सगळं त्याच्याकडून सामानासकट घेतलं. "सिस्टिम चालू आहे, तपासणीचा टॅग बघा," तो म्हणाला. आम्ही टॅग बघितला, तारीख ताजी होती, विषय संपला. हुडाखाली आलेल्या त्या चकचकीत नळ्या आणि त्यांच्या टोकाची नोझलं यांच्याकडे मी पुढचे चार महिने मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

फ्रायरला चाकं आहेत. असायलाच हवीत. वडे तळणाऱ्याला माहीत असतं, तेलाचा बारीक फवारा आणि बेसनाचा चुरा मिळून भिंतीवर जो थर धरतो तो फडक्याने निघत नाही, खरवडावा लागतो. हेल्थवाले तर आधी फ्रायरच्या मागेच वाकून बघतात. म्हणून दर रविवारी रात्री तेल काढलं की फ्रायर पुढे ओढायचा, मागची भिंत आणि फरशी घासायची, परत ढकलायचा. गॅसची लवचीक नळी आणि तिच्याहून आखूड अशी स्टीलची तार मागे असते. ओढताना ताण तारेवर यावा, नळीवर नको, म्हणून ती तार. हे सगळं आम्ही नीट पाळत होतो आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

"साफ केल्यावर हा परत कुठे ठेवता?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"जागेवर."

"जागा कुठली?"

मी फरशीकडे बोट केलं. मग चाकांचे ब्रेक दाखवले. तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखा दिसला. ब्रेकमुळे फ्रायर हलत नाही एवढंच, तो बरोबर जागी उभा आहे की नाही ते ब्रेकला काय कळणार? मग त्याने टॉर्च वर मारला. फ्रायरवरचं नोझल तेलाच्या टाकीच्या मधोमध बघत नव्हतं, ते बाजूच्या जाळीवर बघत होतं, जिथे आम्ही वडे निथळत ठेवतो. दर रविवारी थोडा थोडा करत फ्रायर सात इंच बर्नरकडे सरकला होता. सरकवला कुणी नाही. आमच्याकडे वडे करणाऱ्या मावशींना बेसनाच्या परातीसाठी डावीकडे ऐसपैस जागा लागते, आणि परत ढकलताना तो दर वेळी जरासा उजवीकडे जात गेला.

नोटिशीत चार मुद्दे होते. फ्रायर ठरल्या जागी नाही, तो परत ठरल्या जागीच येईल याची सोय नाही, फ्रायर आणि उघडी ज्योत यांत १६ इंच नाहीत, आणि एका नोझलची टोपी गायब. मुदत तीस दिवस.

"सात इंचासाठी?" नवरा भडकला. खरं सांगायचं तर मीही भडकले होते. त्या दिवशी तेलाचे दोन डबे नुकतेच महाग मिळाले होते, त्याचाही राग असावा.

सिस्टिमचं काम करणाऱ्या कंपनीचा टेक्निशियन पुढच्या मंगळवारी आला. साठीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून शिडीवर चढताना प्रत्येक पायरीला कण्हणारा. त्याने नोझलची पुढची बाजू काढून तिथे लेझरचं एक छोटंसं यंत्र बसवलं आणि मला खाली बघायला सांगितलं. लाल ठिपका. तो पडला होता निथळायच्या जाळीवर, एका करपलेल्या मिरचीच्या शेजारी. "आग लागली तर माझं औषध या मिरचीवर पडेल," तो म्हणाला. त्या ठिपक्याने माझा राग जेवढा उतरवला तेवढा नोटिशीतल्या कुठल्याच कलमाने उतरवला नसता.

मग त्याने समजावलं ते असं. आम्ही वडे तळतो ३५० फॅरनहाइटला. तेच तेल थर्मोस्टॅट बिघडून ७०० च्या आसपास गेलं की ठिणगी न लागता आपोआप पेटतं. वरवर ज्वाळा विझवून भागत नाही, कारण खालचं तेल तेवढंच तापलेलं असतं आणि पुन्हा पेट घेतं. पूर्वी प्राण्यांची चरबी वापरत तेव्हा कोरड्या पावडरीवर निभत होतं. मग वनस्पती तेलं आली, ती जास्त तापमानाला पेटतात, आणि नवे फ्रायर उष्णता धरून ठेवणारे आले. म्हणून १९९४ मध्ये यूएल ३०० ही अशा सिस्टिमची चाचणी अमेरिकेत लागू झाली आणि ओल्या रसायनाच्या सिस्टिम सर्रास आल्या. त्या द्रावणात पोटॅशियमचे क्षार असतात. तापल्या तेलावर पडले की तेलाचा साबण होतो, अक्षरशः साबण, आणि त्याचा जाड फेस तेलावर बसून हवा तोडतो, तेल गार करतो. पण फेस अख्ख्या टाकीवर बसायला हवा. नोझलचा फवारा किती उंचीवरून, कुठल्या कोनात, किती रुंद पडणार हे सगळं आधी मोजून ठरलेलं असतं. अर्धी टाकी उघडी राहिली तर ती अर्धी पेटतीच राहणार.

एनएफपीए ९६ हा इथल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरांचा नियम म्हणूनच सांगतो की, सिस्टिमखालची भांडी-शेगड्या तिच्या माणसाला विचारल्याशिवाय हलवायच्या, बदलायच्या नाहीत. आणि साफसफाईसाठी हलवलीत तर ती परत नेमक्या जागी येतील अशी मान्य सोय हवी. "मान्य" कुणाला? तर तुमच्या गावच्या फायर अधिकाऱ्याला. इथेच मी माती खाल्ली. मी परस्पर पिवळी पट्टी आणून फरशीवर चौकोन आखला. काही गावांत चालतो म्हणे. आमच्याकडे नाही. फोनवर विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि एकाच रविवारच्या घासण्यात पट्टीचं एक टोक उचललं गेलं होतं, तेव्हा अधिकाऱ्याचंही काही चुकलं नाही.

टेक्निशियनने दोन वाटा सांगितल्या. फ्रायर आहे तिथेच ठेवून नोझल हलवायचं, म्हणजे नवं ड्रॉइंग, परमिट, पैसे. किंवा फ्रायर मूळ जागी न्यायचा. मूळ जागी बर्नरपासून १८ इंच अंतर भरत होतं. अंतर कमी असतं तर मधे आठ इंच उंचीचा पत्रा लावायची मुभा आहे, पण त्याने नोझलचा प्रश्न सुटत नाही. परातीचं टेबल कापून लहान केलं, मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी बोलल्या, कारण त्यांची कढई निघाली. मावशी साताऱ्याकडच्या, इथे मुलाकडे असतात, आणि फ्रायरला "डबं" म्हणतात. गर्दी नसली की मोठ्या कढईत बर्नरवर वडे तळायच्या. टेक्निशियनने ती पाच लिटर तेलाची कढई बघितली आणि शिडीवरूनच मान हलवली. बर्नरवरचं नोझल शेगडीच्या हिशेबाचं आहे, एवढ्या खोल तेलाच्या हिशेबाचं नाही. त्याच्या लेखी ती कढई म्हणजे दुसरा फ्रायरच.

"आगं, तीस वर्सं तळलंय मी कढईत. कधी प्येटली न्हाय."

"मावशी, तुम्ही सांगाल तशी आग थोडीच वागणार आहे."

कढईत आता मिसळीचा कट होतो. डब्यातल्या वड्याला कढईची चव नाही असं त्या अजून म्हणतात, आणि मला गुपचूप तसंच वाटतं.

चाचणीच्या दिवशी दुकान दुपारी दोनपर्यंत बंद ठेवलं. टेक्निशियनने प्रत्येक नोझलला फुगा बांधला, नळ्यांत दाबाने हवा सोडली आणि हुडाखाली एकापाठोपाठ एक फुगे फुगले. मावशींनी विचारलं, कुणाचा वाढदिवस? शेगडीवरचा एक फुगा मरगळलेला राहिला. नळीत जुना चिकटा अडकला होता. गेलेल्या टोपीची करामत ती हीच, टोपीच नसली की तेलाची वाफ आत शिरते. नळी साफ झाली, सगळ्या नोझलांना टोप्या बसल्या, आगीत वितळून सिस्टिम चालू करणाऱ्या धातूच्या कड्या बदलल्या. त्या दर सहा महिन्यांनी बदलायच्याच असतात. मग सिस्टिम हाताने चालू करायचं भिंतीवरचं हँडल ओढलं. गॅस खटकन बंद, बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा बंद, पण धूर ओढणारा पंखा चालूच. मला वाटायचं आग लागली की आधी तो बंद करायचा. उलट आहे.

हँडल कुठे आहे हे मावशींसकट सगळ्यांना हात लावून दाखवायला लावलं. तेलाच्या आगीसाठीचं के क्लासचं आग विझवायचं सिलिंडर शेजारी आहे, पण आधी हँडल, मग सिलिंडर. तशी पाटीच असते. ती तिथे होती, पिझ्झावाल्याच्या काळापासून, आम्ही तिच्यावर एप्रन टांगत होतो.

चाकांसाठी शेवटी अधिकाऱ्याला आधी विचारून स्टीलच्या दोन खोलगट थाळ्या आणल्या. लेझरचा ठिपका टाकीच्या मधोमध आणून फ्रायर उभा केला, मागच्या दोन चाकांखाली थाळ्यांच्या खुणा केल्या आणि त्या फरशीला पक्क्या बसवल्या. फ्रायर मागे ढकलला की चाकं त्यांत उतरतात. या थाळ्या सगळ्या खर्चात सर्वात स्वस्त.

फेरतपासणीला तोच इन्स्पेक्टर आला. त्याने काही न विचारता ब्रेक सोडले, फ्रायर स्वतः पुढे ओढला, तार ताणली जाईपर्यंत, आणि परत ढकलला. खट्. मग दुसरं चाक, खट्. टेप लावली. "१८." सही केली आणि जाताना दोन वडापाव घेतले, पैसे देऊन.

आता रविवारी रात्री घासणं संपलं की मावशी आतूनच ओरडतात, "डबं घरात ग्येलं का?" आणि दोन्ही खट् ऐकू आल्याशिवाय कोट घालत नाहीत.