सातव्या फर्म्याने मांडणी बदलायला लावली

एका जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकाच्या स्कॅनवरून केलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करताना पान ९४ वर अनारसे आले आणि पान ९८ वर तेच अनारसे, त्याच प्रमाणांसह, पुन्हा आले. पान ११३ तर लिंबाच्या लोणच्याच्या मधूनच सुरू होतं. लिंबं चिरली कधी, मीठ लावलं कधी, काही पत्ता नाही. पृष्ठांक मात्र अगदी सलग. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनच्या नोंदी करणाऱ्या आपल्या मंडळींत 'दुसरी आवृत्ती, शके १८३०' म्हणून जी पीडीएफ फिरते आहे, ती पूर्ण दुसरी आवृत्ती नाहीच!

उलगडा इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात झाला. तिथल्या काकूंकडे चौथ्या आवृत्तीची प्रत आहे. "प्रत घरी नेऊ नका, हवा तेवढा वेळ इथे बसा," म्हणाल्या आणि चहा ठेवून गेल्या. पानाला पान लावून पाहिलं. पीडीएफमधली ९७ ते ११२ ही सोळा पानं चौथ्या आवृत्तीची आहेत. सोळा पानं म्हणजे बरोबर सातवा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून, घडी घालून शिवलेला पानांचा गठ्ठा). मूळ प्रतीच्या शिवणीतून तो निसटला असणार आणि कुणीतरी त्याच क्रमांकाचा फर्मा चौथ्या आवृत्तीतून उचलून तिथे बसवला. चौथ्या आवृत्तीत आधीच्या प्रकरणात चार पानांची भर आहे, त्यामुळे सगळा मजकूर चार पानं पुढे सरकलाय. म्हणून ९३ ते ९६ चा मजकूर दोनदा येतो आणि १०९ ते ११२ चा कुठेच नाही. तो चौथ्या आवृत्तीच्या ११३ ते ११६ वर आहे. लिंबं तिथे चिरलेली सापडली.

आता खरा प्रश्न. या पीडीएफची नोंद लिहायची कशी?

आपली तीन पातळ्यांची मांडणी तुम्हाला माहीत आहे: वर ग्रंथ-नोंद, तिच्याखाली आवृत्ती-नोंदी, त्यांच्याखाली फाइल-नोंदी. एका नोंदीत एकाच वस्तूचं वर्णन, हे डब्लिन कोअरवाल्यांचं (नोंदींचे रकाने ठरवून देणाऱ्या प्रमाण पद्धतीचं) तत्त्व मला मनापासून पटतं. शके १८३० हे छापील पुस्तकाचं वर्ष, स्कॅनचं नव्हे. दोन्ही एकाच तारखेच्या रकान्यात कोंबली की पुढे कुणालाच काही शोधता येत नाही. पण ही पीडीएफ कोणत्या आवृत्तीखाली टांगू? दुसरीखाली टांगून टिपेत खुलासा लिहावा, तर टिपा कोण वाचतं? नोंद दुसऱ्या सूचीत गेली की टीप मागे पडते आणि 'दुसरी आवृत्ती' तेवढी शिल्लक राहते. दोन्ही आवृत्त्यांना डब्लिन कोअरमधलं 'इज व्हर्जन ऑफ' (याचं बदललेलं रूप) हे नातं लावलं, तर कोणती पानं कुठली हे कळत नाही. 'सोर्स' (मूळ साधन) हा रकाना दोनदा भरला तर निदान खोटं तरी होत नाही, पण वाचकाला पान ९८ वर इशारा मिळत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच आहे.

मग मेट्सकडे वळलो. डिजिटल पुस्तकाची रचना एक्सएमएल फाइलीत नोंदवायची ही प्रमाण पद्धत. त्यात संरचना-नकाशातल्या प्रत्येक पानाला स्वतंत्र वर्णन-विभाग जोडता येतो. पानं ९७ ते ११२ चौथ्या आवृत्तीच्या मॉड्स (ग्रंथवर्णनाचा एक प्रमाण साचा) नोंदीकडे बोट दाखवतील, बाकीची दुसरीच्या. हाताने एक्सएमएल लिहिणं किचकट आहे, पण नकाशा तपासणीत निर्दोष उतरला तेव्हा फार बरं वाटलं.

हे लिहिता लिहिताच आपल्याच गावचं उदाहरण आठवलं. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. तिथे प्रत्येक हस्तलिखिताला संकेताक्षर आहे आणि पाठभेद तळटीपेत त्या अक्षरासह नोंदवलेला असतो. संपादित संहिता वेगळी, साधन-प्रती वेगळ्या. मग मी तरी ही जोडपीडीएफ 'प्रत' म्हणून का सांभाळतोय? दोन्ही आवृत्त्यांचे स्कॅन आपापल्या नोंदीत शुद्ध ठेवायचे, दुसरीत सोळा पानांची जागा उघड रिकामी दाखवायची आणि जोडलेलं पुस्तक ट्रिपल-आय-एफच्या (प्रतिमा वेबवर दाखवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे कोणतं पान कुठून आणायचं हे सांगणाऱ्या फाइलीत, बांधायचं. मॅनिफेस्टमधल्या कॅनव्हासवर, म्हणजे एकेका पानाच्या कोऱ्या चौकटीवर, कुठल्याही संग्रहातली प्रतिमा आणता येते आणि प्रत्येक कॅनव्हासला स्वतःची माहिती देता येते. शिवाय आता पानंही योग्य घेता येतील: चौथीची ९७ ते ११२ नव्हे, १०१ ते ११६. मेट्सचं काम वाया जात नाही. जुनी पीडीएफ लोकांकडे आहेच, तिची ओळख पटवायला ते लागेल.

दोन छोट्या गोष्टी जमल्या. शके १८३० म्हणजे १९०८ च्या चैत्रापासून १९०९ च्या फाल्गुनापर्यंत. आतापर्यंत आपण 'अंदाजे १९०८' लिहायचो. ईडीटीएफ या तारखा लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत चौकटी कंसात १९०८, १९०९ लिहिलं की 'या दोहोंपैकी एक' असा नेमका अर्थ निघतो. आणि ओसीआरने (स्कॅनमधून संगणकाने वाचून) काढलेला मजकूर कोणत्या नात्याने जोडायचा, हा वाद माझ्यापुरता मिटला. मजकूर तोच, फक्त रूप वेगळं, तर 'इज फॉरमॅट ऑफ'; मजकुरातच बदल, तर 'इज व्हर्जन ऑफ'. म्हणून जुने अनुस्वार जसेच्या तसे ठेवलेला तपासलेला मजकूर पहिल्यात. शोधासाठी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे अनुस्वार काढलेला मजकूर दुसऱ्यात.

ओमेका एस ही नोंदी ठेवण्याची प्रणाली; ती मला अजूनही या कामाला सर्वांत सोयीची वाटते. खालच्या नोंदीतून वर दुवा दिला की वरच्या नोंदीत तो आपोआप दिसतो, दोन्हीकडून भरत बसावं लागत नाही. स्कॅनरसोबत येणाऱ्या स्वयंचलित कातरणीवर मात्र विश्वास ठेवू नका. ती पानाची खालची पट्टी उडवते आणि फर्म्याचा क्रमांक तिथेच छापलेला असतो. या पीडीएफमध्ये एकही क्रमांक उरलेला नाही. स्कॅनची मूळ टिफ प्रतिमा नेहमी कडांसकट ठेवा, सुबक कातरलेली प्रत वेगळी फाइल म्हणून जोडा.

काकूंनी १०१ ते ११६ चे फोटो घ्यायला परवानगी दिली आहे. त्याआधी एक ठरवायचंय: मॅनिफेस्टला ग्रंथ-नोंदीखाली स्वतंत्र जागा द्यावी, की चिकित्सक आवृत्तीसारखी चौथी पातळीच काढावी? माझा कल स्वतंत्र जागेकडे आहे, कारण तिसरी आवृत्ती मिळाली तर तीच पानं तिथून घ्यावी लागतील. तुम्ही अशा जोडप्रती कुठे ठेवता, ते नक्की लिहा.