अण्णांचं पायडल

आज लातूरला फिजिओथेरपीत अण्णांना मोटरवाल्या पायडलवर बसवलं. त्या मशीनला ना सीट ना हँडल, समोर व्हीलचेअर नाहीतर साधी खुर्ची लावायची, पाऊल बुटासारख्या कपात ठेवून पट्टे आवळायचे, पोटरीलाही आधार असतो म्हणून गुडघा बाहेर पडत नाही. पायात जोर नसला तर मोटरच पाय फिरवती आणि जोर आला की तेवढी मदत कमी करती. मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच, पाय मधीच ताठला तर मशीनला कळतं, ती थांबती आणि हळूच उलटी फिरायला लागती, ओढाताण अजिबात नाही. घरी अण्णांचा पाय असा ताठतो की मी आणि माय दोघं लागलो तरी वाकत नाही.

अण्णांचा लकव्याचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूचा, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही अडकलं. मशीनच्या स्क्रीनवर डाव्या उजव्या पायाचा जोर वेगवेगळा दिसतो, बघितलं तर सगळं काम डावाच पाय करायलाय! साध्या पायडलात हे दिसतच नाही, दोन्ही दांडे एकाच आसाला जोडलेले, त्यामुळं चांगला पाय फिरला की लुळा त्याच्यासोबत फुकट फिरतो आणि बघणाऱ्याला वाटतं पेशंट जोरात चाललाय. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणल्या, "काका, डाव्याला आराम द्या, उजव्यानं ढकला." जरा वेळानं उजव्याचा आकडा हलला, थोडासाच, पण हलला, आणि अण्णांनी बोट दाखवून मायला तो आकडा दाखवला. माय तिथंच रडायला लागली.

असं मशीन लाखात जातं आणि आमच्या गावात लाईटीचा भरवसा नाही. म्हणून घरचं साधं पायडलच नीट करून घ्यायचं ठरलंय. टाच मागं सरकू नये म्हणून पत्र्याची वाटी, आत जाड रबर, पंज्यावर आणि घोट्यावर वेल्क्रो, आणि सगळं फळीवर बसवून फळी खुर्चीच्या पायांना बांधायची, नाहीतर ते पुढं पळतं. दांडा पण आखूड करायचाय, आखूड दांड्याला गुडघा कमी वाकवावा लागतो. पट्टे काढले की रोज कातडी बघायची, लाल वळ उठला असंल तर पट्टा ढिला करायचा, कारण त्या पायाला टोचलेलं कळत नाही.

मला मनापासून वाटतं की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असं एक तरी मशीन पाहिजे, सोयाबीनची रास चालू असताना रोजची मजुरी बुडवून आणि एसटीचं भाडं भरून पेशंटला लातूरला कोण आणणार, लोक मधीच सोडून देतात आणि पाय तसाच आखडून जातो.

मॅडमनी दांड्याचं माप कागदावर लिहून दिलंय. उद्या दुकान उघडलं की वेल्डिंगवाल्या मामाकडं पायडल घेऊन जायलोय, अण्णांचा उजवा बूट पण सोबत नेतो, वाटी त्याच्यावरच बेतून घ्यायची.