शिरोलीच्या फाउंड्रीत परदेशी पाहुणे

त्या दिवशी आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, जर्मनीहून खरेदीवाले आले, सोबत त्यांचा क्वालिटीचा माणूस. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करतात तिथं, ग्राइंडर सुरू असले की शेजारच्याचं मराठीही कळत नाही, तिथं इंग्रजीचं काय! म्हणून प्रत्येक विभागाच्या दाराबाहेर बोलायचं, आत फक्त हातानं दाखवायचं आणि प्रश्न बाहेर आल्यावर घ्यायचे, असं ठरलं होतं.

गेटवर पहिला प्रश्न, "डझ एनीवन हॅव अ पेसमेकर?" इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या, कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, त्यामुळे पेसमेकरवाल्याला मेल्टिंगकडे न्यायचं नाही. मग पॉलिस्टरचं जाकीट काढून सुती कोट. ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. अकरा-बारा नंबरचे सेफ्टी शूज आधीच मागवून ठेवावेत, आपल्या कपाटात ते सहसा नसतात.

मेल्टिंगच्या दाराशी सांगितलं, "वी टॅप ॲट अबाउट फोर्टीन फिफ्टी डिग्रीज सेल्सिअस." टॅप म्हणजे वितळलेला रस भट्टीतून काढणं. फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच लागतात, म्हणून आकडा बोर्डावर लिहून दाखवायचा. वर्षाचे नग सांगतानाही 'लाख' नको. दीड लाख म्हणजे वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड.

आत क्रेनवर लॅडल, म्हणजे रसानं भरलेली मोठी बादली, निघाली आणि एक पाहुणा मोबाईल काढत पिवळ्या रेघेपुढं सरकला. मार्केटिंगच्या पोरानं "सर, आय वुड रिक्वेस्ट यू..." अशी सुरुवात केली, तोवर लॅडलवाल्यानं हात आडवा करून "स्टॉप! बॅक!" अशी आरोळी ठोकली. पाहुणा जागीच थांबला. रस डोक्याजवळून जाताना प्लीज कशाला पाहिजे?

खरी परीक्षा रिजेक्शनच्या ट्रॉलीपाशी झाली. क्वालिटीवाल्यानं एक हाउसिंग, म्हणजे यंत्राचं ओतीव कवच, उचललं, भोकात बोट फिरवलं. आतून गुळगुळीत लागलं म्हणजे वायूचं भोक. श्रिंकेजचं, म्हणजे रस थिजताना आकसून पडलेलं, असतं तर खरखरीत लागलं असतं. "व्हाय?" मार्केटिंगवाला प्रोसेस इम्प्रूव्हमेंटवर बोलायला लागला, पण मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या विभागाच्या, मामांनी त्याला थांबवलं. "डिफेक्ट, ब्लो होल. कॉज, सँड मॉइश्चर हाय. लिमिट थ्री पॉइंट फाइव्ह, धिस फोर पॉइंट टू. नाऊ, चेक एव्हरी अवर." ओली वाळू रसाच्या उष्णतेनं वाफ सोडते आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, अडकते, हे मामांनी खडूनं जमिनीवर साचा काढून दाखवलं. काय बिघडलं, का बिघडलं, आता काय करतोय, या क्रमानं सांगितलं की क्रियापदं गळाली तरी चालतं.

क्वालिटीवाल्यानं रजिस्टर मागितलं, तासातासाच्या नोंदी बघितल्या. मग पुढचा प्रश्न, चेक होण्याआधी ओतलेल्या नगांचं काय?

"ऑल होल्ड. रेड टॅग. हंड्रेड पर्सेंट चेकिंग. कम, आय शो," म्हणत मामा यार्डाकडं निघाले. सगळे त्यांच्या मागं.