सोलापूरहून एका दिवसात राजा दिनकर केळकर संग्रहालय

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की पुण्याचं केळकर संग्रहालय एका दिवसात निवांत पाहून होतं. स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘बाजीराव रोड, नातूबाग’ सांगा. एसटीने येणाऱ्यांना स्वारगेटहून आणखी जवळ पडतं. स्वतःची गाडी शक्यतो नकोच, शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत ती लावायला जागा मिळणं कठीण. अनंत चतुर्दशीला तर तिकडे फिरकूच नका, बाजीराव रोड मिरवणुकीचा असतो.

दिनकर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत. जुन्या घरांतल्या, वाड्यांतल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि संग्रहाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. एकूण वस्तू सुमारे २०,०००. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी एका दमात सगळं बघायला गेलं तर शेवटी सगळं पितळ सारखंच दिसू लागतं. म्हणून दिवे, अडकित्ते आणि वज्र्या यांनाच निम्मा वेळ द्या.

अडकित्त्यांची नुसती नक्षी बघून पुढे सरकू नका. वाकून बाजूने बघा. दांडे पितळेचे, कुठे मोर, कुठे घोडा, कुठे जोडपं. पातं मात्र पोलादी, कारण पितळेला धार टिकत नाही. दोन्ही दांडे एकाच खिळीवर फिरतात. खिळीपासून दांडा जितका लांब, तितकी सुपारी कमी जोरात फुटते. वज्री म्हणजे पाय घासायची वस्तू. खालून खरखरीत, पण वर पक्षी नाहीतर प्राणी बसलेला. न्हाणीघरातल्या वस्तूवर कुणी एवढी मेहनत घेतली, हे बघताना ऊर भरून येतो. संग्रहालयाचा जीव इथेच आहे.

कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल चुकवू नका. काचेवर उजेड चमकून वस्तू दिसेनाशी झाली तर समोरून न बघता तिरकं उभं राहा. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. घोळका आला की दालन सोडून द्या, मागाहून परत या. जिने चढावे लागतात, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी बेताने घ्यावं. फोटोचे नियम तिकीट काढतानाच विचारा.

वेळ उरला तर त्याच रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्याचं कोरीव लाकडी दर्शन बाहेरून तरी घ्या. परतीची हुतात्मा संध्याकाळची आहे आणि त्या वेळी लक्ष्मी रोड तुंबलेला असतो. गाडीच्या तासभर आधी रिक्षात बसलेलं बरं.