मदुराईची वटवाघळे आणि अंधारातील घड्याळ

मदुराईला गेलेला मराठी प्रवासी मीनाक्षीचे दर्शन घेतो आणि रामेश्वरची गाडी धरतो. मीही पूर्वी दोनदा तेच केले होते. या खेपेस मात्र एक दिवस राखून ठेवला, तो शहराच्या पश्चिमेला, कामराज विद्यापीठाजवळ असलेल्या समणर मलैसाठी. समणर म्हणजे जैन श्रमण आणि मलै म्हणजे डोंगर. कीळकुयिलकुडी गावात रिक्षा सोडली की कमळांचे तळे, अय्यनारचे देऊळ आणि एक जुना वड लागतो. तेथून कातळात खोदलेल्या पायऱ्या वर चढतात. वरच्या कपारींत तीर्थंकरांची शिल्पे आणि वट्टेळुत्तु या जुन्या तमिळ लिपीतील लेख आहेत. ती पाहून झाली तेव्हा दुपार कलली होती, आणि मी ज्यांच्यासाठी आलो होतो त्यांना उठायला अजून अवकाश होता.

या परिसरातील वटवाघळांना विज्ञानाच्या जगात ओळख मिळवून दिली ती प्राणिशास्त्रज्ञ मरोळी कृष्णय्या चंद्रशेखरन यांनी. त्यांच्या संशोधनाची सुरुवात मद्रासच्या किनाऱ्यावर वाळूत घुसून राहणाऱ्या एमेरिटा नावाच्या खेकडावर्गीय जीवापासून झाली. समुद्रापासून दूर, प्रयोगशाळेत आणून ठेवला तरी हा जीव भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळतो, असे त्यांना आढळले. १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे जर्मनीत ट्युबिंगेनला, घेवड्याच्या पानांच्या हालचालींवरून जैविक घड्याळाचा, म्हणजे सजीवांच्या शरीरात आपोआप चालणाऱ्या वेळेच्या लयीचा, मागोवा घेणाऱ्या एर्विन ब्यूनिंग यांच्याकडे ते गेले आणि तेथे फळमाश्यांवर काम केले. परदेशात सुसज्ज प्रयोगशाळा मिळू शकणारा हा माणूस मदुराईला येऊन गुहेत शिरला, याचे मला अधिक कौतुक वाटते. १९७९ मध्ये त्यांना विज्ञान संशोधनासाठी दिला जाणारा भटनागर पुरस्कार मिळाला.

गुहेत शिरण्याचे कारण सरळ होते. खोल गुहेत प्रकाश पोहोचत नाही, आणि तापमान व आर्द्रता जवळजवळ स्थिर असतात. मग आत उलटे लटकलेल्या वटवाघळाला बाहेर सूर्य मावळल्याचे कसे कळते? चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी जी. मारिमुथु यांनी हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस या कीटकभक्षी जातीचे एकेक वटवाघूळ गुहेतच पिंजऱ्यात ठेवले आणि त्याची हालचाल यंत्राने नोंदवली. भोवताली त्याचे सोयरे रोज संध्याकाळी बाहेर पडत आणि परतत असताना कैद्याचा दिवसही बरोबर २४ तासांचा राहिला. सोबती नसलेल्या गुहेत मात्र त्याचे घड्याळ चालू राहिले, पण स्वतःच्याच चालीने. त्याची वेळ रोज थोडी थोडी सरकत बाहेरच्या दिवसापासून सुटत गेली. म्हणजे या प्राण्याला वेळ कळते ती शेजाऱ्यांच्या जाण्यायेण्यावरून. त्याहून मला आवडलेला प्रयोग १९८३ चा आहे: त्याच गुहेत, त्याच गर्दीत वेगळ्या कुळातील वटवाघूळ ठेवले, तर त्याच्यावर या जाण्यायेण्याचा परिणाम झाला नाही. परक्यांची गजबज त्याच्या लेखी घड्याळ ठरली नाही.

वाचताना हे सारे चार ओळींत संपते. कपारीपाशी बसल्यावर कळते की त्या चार ओळींमागे किती संध्याकाळी आणि किती विष्ठेचा वास असेल. आपल्याकडच्या लेण्यांत तो वास आला की आपण नाकाला रुमाल लावून पाठ फिरवतो. या लोकांनी त्याच वासात वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. शिवाय विद्यापीठात त्यांनी माणसांसाठीही एकांतकक्ष उभारला होता. घड्याळ, ऊन आणि माणसांचा सहवास यांपासून दूर तेथे स्वयंसेवक राहत. अशा एकांतात राहिलेल्या एका स्त्रीच्या नोंदींवरून, मासिक पाळी ही झोप-जागेपणाच्या दैनंदिन लयीशी जोडलेली नसते, असे या गटाने १९९१ मध्ये मांडले. पुढे चंद्रशेखरन बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात गेले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मदुराई विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे येथे सूर्यास्ताची वेळ वर्षभरात तासाभराहूनही कमीच सरकते, आणि संधिप्रकाश रेंगाळत नाही. खालच्या देवळात घंटा वाजली. तळ्यावर अजून तांबूस उजेड होता. तेवढ्यात खडकाच्या फटीतून एक काळे टिंब बाहेर आले, भिरभिरून पुन्हा आत गेले. उजेडाचा अंदाज घेण्यासाठी वटवाघळे अशी तोंडापर्यंत येऊन परततात, हे वाचले होते. पाहताना मात्र दारात येऊन पाऊस पाहून जाणारे घरातले म्हातारे आठवले. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या. मी सवयीने मोबाइल काढून किती वाजले ते पाहिले, आणि मान वर करीपर्यंत पहिली पाचसहा जणे तळ्याच्या दिशेने निघून गेली होती, त्यांच्यामागे बाकीची निघत होती.