पिट्सबर्गमध्ये जाल तर शाखा बघा

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला आलेला पाहुणा शहराच्या ओकलंड भागातलं १८९५ सालचं भव्य कार्नेगी ग्रंथालय बघतो आणि पुढे निघतो. मला ओढ होती ती त्याच ग्रंथालयाच्या लॉरेन्सव्हिल वस्तीतल्या शाखेची. बटलर स्ट्रीटवर बसमधून उतरलं की फिस्क स्ट्रीटचा चढ लागतो. एकमेकांना खेटलेली विटांची घरं, आणि त्यांच्याच शेजाराला ही शाखा. इथे नदीकाठच्या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांतले कामगार राहत. दिवसभर भट्टीपुढे राबलेला माणूस पुस्तकासाठी ओकलंडपर्यंत कुठून जाणार? म्हणून १८९८ साली ग्रंथालयच त्याच्या गल्लीत आलं. शहरातली ही पहिली शाखा.

ॲल्डेन आणि हार्लो या वास्तुविशारदांनी आखलेली ही इमारत बाहेरून साधी, बेताची. खरी करामत आत आहे. दारातून शिरलं की समोर देवघेवीचं टेबल, एका बाजूला मोठ्यांची वाचनखोली, दुसरीकडे मुलांची. मागची भिंत अर्धवर्तुळाकार. मूळ आराखड्यात तिथली पुस्तकांची कपाटं चाकाच्या आऱ्यांसारखी टेबलाकडे तोंड करून मांडलेली. टेबलाशी बसलेल्या ग्रंथपालाला मान वळवली की सगळी इमारत दिसते. त्यामुळेच वाचकाला थेट कपाटांपर्यंत सोडता आलं. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवायच्या त्या काळात मुक्तद्वार पद्धत ही केवढी मोठी गोष्ट! पुस्तक हातात घ्यावं, चाळावं, नाही आवडलं तर परत ठेवावं. त्या गोलाईपाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

यामागे या ग्रंथालयांसाठी पैसा देणाऱ्या पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचं स्वतःचं लहानपण आहे. जवळच्या ॲलेघेनीत कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपली पुस्तकं काम करणाऱ्या मुलांसाठी खुली केली होती. तार कचेरीत निरोप पोचवणारा कार्नेगी त्यांतलाच एक. पुढे १८८१ मध्ये त्याने पिट्सबर्गला ग्रंथालयासाठी अडीच लाख डॉलर देऊ केले, पण तेव्हा ते जमलं नाही. १८९० मध्ये दहा लाख दिले, तेही शाखांसकट. अट एवढीच, की शहराने दरवर्षी ४०,००० डॉलर खर्चाला द्यावेत. ही अट मला इमारतींहून मोलाची वाटते. तिच्यामुळे ग्रंथालय एका धनिकाचं न राहता गावाचं झालं.

पण हा पैसा कुठून आला, तेही विसरता येत नाही. १८९२ मध्ये नदीपल्याडच्या होमस्टेडला त्याच्याच कारखान्यातला संप मोडला गेला, रक्त सांडलं. पुढे कामगारांच्या वाट्याला बारा-बारा तासांच्या पाळ्या आल्या. त्याच होमस्टेडमध्ये १८९८ सालीच त्याचं ग्रंथालय उघडलं. वाचायला वेळ कुठे होता त्यांना?

होमवुडची १९१० सालची शाखा याच वास्तुविशारदांची, आणखी ऐसपैस, सभागृहासकट. पण वेळ कमी असेल तर लॉरेन्सव्हिलच गाठा. शाळा सुटायच्या वेळेला जा. मुलांची खोली तेव्हाच बघण्यासारखी.