दोघांसाठी वेगळं नाही काय?

"सर, हे आपल्याकडे असते काय?" पोरानं मोबाइल पुढे केला. कानाला हेडफोन लावलेला अमेरिकी नौदलाचा सैनिक. काम काय, तर परकी भाषा ऐकायची आणि तिचा अर्थ लावायचा. नव्या भरतीतली पोरं बूट कॅम्प, म्हणजे सुरुवातीचं प्रशिक्षण, संपलं की कॅलिफोर्नियात माँटेरीच्या लष्करी भाषाशाळेत जातात. अरबी किंवा चिनी वाट्याला आली तर ६४ आठवडे तेच.

"तिथलं नागरिकत्व लागते त्याले," मी म्हणालो. बाकीची पोरं हसली. तो हसला नाही.

मी नौदलात कम्युनिकेशन शाखेत पंधरा वर्षं काढली. आता मेळघाटात धारणीजवळच्या एका गावात सकाळी पोरांकडून भरतीची तयारी करून घेतो. फी नाही, त्यामुळे परत मागायलाही कोणी येत नाही! आपल्याकडे नौदलाच्या अग्निवीर भरतीत बारावीवरची एसएसआर असते, दहावीवरची एमआर असते, बँडसाठीही घेतात. दुभाष्याची जागा मी तरी जाहिरातीत पाहिली नाही. गरज मात्र पाहिली. एडनच्या आखातात २००८ पासून आपली जहाजं चाच्यांविरुद्ध गस्त घालतात. तिथं रेडिओच्या चॅनल १६ वर एखाद्या ढौला, म्हणजे लाकडी गलबताला, इंग्रजीत हाक मारली की शांतता. हिंदीत विचारलं की "हां साब" यायचं. खलाशी कच्छचा नाहीतर कराचीचा निघायचा. समोरचा अरबी बोलायला लागला की आमची गाडी सलाम आणि आकड्यांवरच अडायची.

त्या अमेरिकी पोरांची आधी एक परीक्षा होते, खोट्या, बनवलेल्या भाषेची. पाठांतर चालत नाही, नियम ओळखावे लागतात. गंमत म्हणून मीही फळ्यावर एक भाषा रचली. 'पुट' म्हणजे कुत्रा, अनेक असले की 'पुटमे', क्रियापद सगळ्यात आधी. गणितात हुशार असलेली दोन पोरं तिसऱ्याच वाक्यात अडकली. मोबाइल दाखवणारा हा कोरकू पोरगा सगळी वाक्यं सोडवून बसला आणि वर मलाच म्हणतो, "सर, दोघांसाठी वेगळं नाही काय?"

"दोघं म्हणजे?"

"दोन कुत्रे. एकाचं झालं, लई जणांचं झालं. दोनाचं राहिलं ना."

मग त्यानं सांगितलं. कोरो म्हणजे माणूस, 'कू' लागलं की माणसं, म्हणून कोरकू. दोनच असले की शेवट तिसराच, नाकात संपणारा. त्यानं तो तीनदा म्हणून दाखवला. मी तीनदा चुकलो. हेडफोनवर पंधरा वर्षं घालवलेला माझा कान!

शाळेतलं संस्कृतचं द्विवचन मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. मस्कतला एका दुकानदारानं अरबीत एक पुस्तक किताब, दोन किताबान, अनेक कुतुब असं बोटं मोडून शिकवलं होतं, ते त्या क्षणी आठवलं. पोराला सांगितलं तर त्याला काहीच नवल वाटलं नाही. "बरोबरच आहे ना," म्हणाला. याच पोरानं पहिल्या दिवशी घरची भाषा विचारल्यावर खाली बघत "हिंदीच समजा सर" असं सांगितलं होतं.

"कोणत्या वर्गात?"

"अकरावी आर्ट."

इथं मात्र माझा चेहरा पडला. एसएसआरला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. दहावीवर एमआर आहे, पण तिथं काम स्वयंपाकघराचं, साफसफाईचं. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यातून कायम होतात फार तर चारातला एक. भाषा शिकायची तर दिल्लीला संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस १९४८ पासून आहे. आमच्याच सातपुड्यात, पचमढीलाही लष्कराच्या एज्युकेशन कोअरचं केंद्र आहे, तिथं परकी भाषा शिकवतात. हे सगळं मी सांगितलं, पण पोरगा दहावीनंतर कोणाला तरी विचारायला आला असता तर, हे मनातून जाईना. त्याला विचारलं. "आर्टमध्येच जागा आहे म्हणाले," एवढंच बोलला.

तरी घड्याळ लावून पळवलं. १.६ किलोमीटर, ६ मिनिटं ५२ सेकंद. भरतीला साडेसहा मिनिटांच्या आत लागतं.

तो धापा टाकत परत आला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, वेळ विचारेल.

"सर, अरबीत दोन कुत्र्यांले काय म्हणतात?"

मला किताबानच्या पुढे येत नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो.